फोंताइन्हास पायी: नदीकडून शिरा, खाडीकडून बाहेर पडा

पणजीत शनिवार-रविवारी फोंताइन्हास या पोर्तुगीज काळातल्या जुन्या वस्तीत येणारे बहुतेक जण टॅक्सीने थेट 31 जानेवारी रस्त्यावर उतरतात, रंगीत भिंतीपुढे फोटो काढतात आणि अर्ध्या तासात निघतात. तेवढ्यासाठी इथे येण्यात अर्थ नाही. गल्ल्या अरुंद आणि गर्दी दाट. पण मांडवीच्या काठावरून सुरुवात करून ओरें खाडीपर्यंत रमतगमत चाललात, तर ही सकाळ लक्षात राहते. अंतर तीनेक किलोमीटर, वेळ अडीच तास धरा.

निघायचे सकाळी सातला. वस्ती आल्तिनो टेकडीच्या पूर्व पायथ्याशी आहे. खाडीकडे तोंड केलेल्या घरांवर सकाळचे ऊन समोरून येते आणि पिवळा, निळा, गेरू हे रंग खरे दिसतात. दुपार कलली की टेकडीची सावली पडते. शिवाय दहानंतर लग्नाआधीच्या फोटोंची पथके येतात, मग एकेका दारासमोर रांग.

सुरुवात आदिलशहाच्या वाड्यापासून करा. 1759 नंतर इथे पोर्तुगीज व्हाइसरॉय राहिले आणि 2000 पर्यंत गोव्याची विधानसभा इथेच भरायची. शेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. बाईवर हात रोखून उभा असलेला हा माणूस काय करतोय, असा प्रश्न अनेकांना पडतो. कांदोळीत जन्मलेले फारिया संमोहनशास्त्राचे आद्य अभ्यासक. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी 1945 मध्ये घडवलेला हा पुतळा आधी लांबून, मग बाजूने पाहा. तिथून नदी डाव्या हाताला ठेवून मुख्य टपाल कार्यालयापर्यंत या. ही इमारत एकेकाळी तंबाखूची वखार होती. साव तोमेच्या या चौकातच जुनी टांकसाळही होती.

पुढे खरी वस्ती लागते. इथे भरभर चालू नका. भिंती चिऱ्याच्या, वर चुन्याचा गिलावा. चुना पावसाळ्यात ओल घेतो आणि उन्हात सोडतो, म्हणून पाऊस संपला की नवा हात द्यावा लागतो. ज्या घरांवर अलीकडे प्लास्टिक पेंट चढवला आहे तिथे ओल आत कोंडते आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. खालच्या दोन-तीन फुटांत हा फरक सहज दिसतो. पांढरा रंग चर्चसाठी राखीव होता असे सांगतात, म्हणून घरांच्या चौकटींपुरताच तो दिसतो. काही जुन्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या आहेत. उजेड येतो, झळ येत नाही.

सेंट सेबॅस्टियन कपेल, म्हणजे प्रार्थनाघर, छोटे आहे आणि एरवी बहुधा बंद असते, म्हणून प्रार्थनेच्या वेळेच्या आसपास पोहोचा. आतला क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. तिथून तो आदिलशहाच्या वाड्यात आला आणि मग इथे. ख्रिस्ताचे डोळे उघडे आणि मान ताठ, असा क्रूस क्वचितच पाहायला मिळतो.

यानंतर बहुतेक लोक परत फिरतात, ती चूक करू नका. शेजारच्या मळा या भागात जा. फोंताइन्हास म्हणजे छोटे झरे; ज्या झऱ्यावरून हे नाव पडले तो फोंत फेनिक्स इथेच आहे. वरच्या पायऱ्या चढून मारुतीच्या देवळापाशी पोहोचलात की कौलांची अख्खी वस्ती पायाखाली येते. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते, रबरी चपला नकोत. मुसळधार पाऊस आणि भरती एका वेळी आली तर मळ्यात पाणी तुंबते. त्या दिवशी बेत रद्द करा.

न्याहारी पातळभाजी आणि पोई, म्हणजे गोव्याचा पाव. त्यासाठी शनिवार बरा, कारण रविवारी पणजीतली बरीच दुकाने बंद असतात. बेबिंका ही थरांची गोड मिठाई घ्यायची तर कापलेली बाजू पाहून घ्या: थर मोजता यावेत, पण एकमेकांना धरून असावेत. कडा कोरडी असेल तर सोडून द्या. फ्रिजमधून काढून लगेच खाऊ नका, तूप गोठून जिभेवर बसते.

उणिवा आहेत आणि त्या दूर व्हायला हव्यात. पदपथ मध्येच तुटतो, बसायला बाक अपुरे, स्वच्छतागृह गल्ल्यांत मिळणे अवघड. आधीच उरकून या. गाडी आत घालू नका, कदंबा बसस्थानकाकडून पाटो पूल ओलांडला की चालत दहा-पंधरा मिनिटे. घाई असेल तर पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, मिळतो. दारांच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढू नका. आत माणसे राहतात आणि अनेकांनी तशा पाट्याही लावल्या आहेत.

परतताना रुआ द ओरेंने खाडीकाठी या. निघण्याआधी भरतीची वेळ पाहून ठेवा. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि वास येतो. भरती असेल तर पाणी काठाला टेकते आणि घरांचे रंग त्यात उतरतात.