सरपणाची वखार: चार स्टार, पाचवा पाण्यात गेला

आमची चुलीवरची खानावळ आहे साताऱ्याकडे, त्यामुळे जळणावर महिन्याला किती जातात ते विचारूच नका. वखारी इकडे भरपूर, पण बहुतेक ठिकाणी सगळं फोडून एकाच ढिगात टाकलेलं, साल निघालेली, मग बाभूळ म्हणून काय गळ्यात मारतील नेम नाही. या वखारीत ढीग वेगवेगळे आणि ओंडके सालीसकट, म्हणून मुद्दाम रिव्ह्यू टाकतोय.

बाभळीची साल काळपट, उभ्या खोल भेगांची, नख आत जाईल अशी. कापलेल्या तोंडावर कडेला फिकट पांढरं आणि आत लालसर तपकिरी गाभा. सुबाभळीची साल राखाडी, बरीचशी गुळगुळीत, वर बारीक ठिपके. नावातच बाभूळ आहे म्हणून हीच जास्त खपवतात लोक. आता सुबाभूळ वाईट नाही बरं का, भाकरीला जाळ मस्त देते, पण मटण मंद आचेवर ठेवायचं तर निखारा टिकला पाहिजे आणि तिथं बाभळीशिवाय जमत नाही, निदान माझ्या चुलीवर तरी नाही. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली, ती एकदा बघितली की डोक्यात बसते. सिल्व्हर ओक तर साल काढली तरी लपत नाही, कापलेल्या तोंडावर मधून बाहेर जाणाऱ्या जाड रेघा आणि चिरलेल्या अंगावर चकचकीत ठिपक्यांची नक्षी. इथले मालक विचारलं तर कुऱ्हाडीनं ढलपी काढून आतला रंग दाखवतात, तोंड वाकडं न करता.

आता स्टार का कापला. शेड नाही, पावसाळ्यात माल उघड्यावर भिजतो आणि तसाच काट्यावर चढतो. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं, त्यात वरून पाऊस, म्हणजे आपण पाणीच विकत घेतो की. "मामा, ताडपत्री तरी टाका" म्हटलं की "आज टाकतो" म्हणतात, दर पावसाळ्यात हेच. घेताना दोन फोडी एकमेकांवर आपटून बघा, वाळलेल्या ठणकन वाजतात, ओल्या बद्द. तोंडाला भेगा पडल्यात का तेही बघा. मी तर उन्हाळ्यातच भरून ठेवतो.

टेम्पोचं भाडं वेगळं पडतं, आणि उतरवायला आपली माणसं न्यावी लागतात.