२०१७ ची स्लीव्ह सर्जरी: इतक्या वर्षांनी वजन कुठे आहे आणि ते कशावर टिकलंय

आधी आकडे, कारण सगळे तेच विचारतात. उंची १५७ सेंमी. वजन कमी करण्यासाठी जठराचं ऑपरेशन केलं तेव्हा ११८ किलो. दीड-पावणेदोन वर्षांनी सर्वांत कमी, ७३. लॉकडाऊन संपेपर्यंत ९०. आता ८४, आणि बऱ्याच काळापासून एखाद-दोन किलो इकडे-तिकडे करत तिथेच आहे. पुस्तकी हिशेबाने मी अजूनही लठ्ठच. तरी या ऑपरेशनला पाचपैकी चार देईन.

मी डोंबिवलीला राहते, शाळेत शिकवते, घर शाकाहारी; अंडी मी ऑपरेशननंतर सुरू केली. माझी झाली ती स्लीव्ह, म्हणजे जठराचा साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून कायमचा काढून टाकतात, उरते ती एक अरुंद नळी. बायपास या दुसऱ्या प्रकारात जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट खालच्या आतड्याला जोडतात. ते वेगळं प्रकरण, त्यातलं मी अनुभवाने बोलू शकत नाही. त्याच वर्षी जगातली सर्वांत वजनदार बाई म्हणून गाजलेल्या इजिप्तच्या इमान अहमदला वजनाच्या ऑपरेशनसाठी मुंबईत सैफी हॉस्पिटलात आणलं होतं, पेपरांत रोज बातमी. त्यामुळे आमच्याकडे नातेवाइकांनी ऐकल्या ऐकल्या एकच विचारलं, "म्हणजे त्या इजिप्तच्या बाईचं केलं तेच का? तुझं एवढं आहे होय वजन?"

पहिल्या दीड वर्षाबद्दल फार लिहीत नाही. ते सगळ्यांचं छानच जातं. कापलेल्या भागातच भुकेचं हार्मोन, घ्रेलिन, मुख्यतः तयार होतं, त्यामुळे भूक लागतच नाही. केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून मूठमूठ गळतात आणि पुढे परत येतात. वजन आपोआप उतरतं आणि माणसाला वाटतं की हे आपणच करतोय.

खरा वापर सुरू होतो तो त्यानंतर. भूक परत येते, पूर्वीइतकी नाही, पण येते. शरीर कमी खाण्यात भागवायला शिकलेलं असतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन झालेल्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला, त्यातही हेच दिसलं: पहिल्या एक-दोन वर्षांत वजन तळाला जातं, मग थोडं चढतं आणि आठ-दहा वर्षांच्या सुमारास स्थिरावतं, मूळ वजनाच्या बरंच खाली. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. ७३ चा फोटो बघून सगळे तोच आकडा आपला धरून बसतात, घरचे तर जास्तच.

आता मुद्द्याचं. स्लीव्ह घट्ट अन्नाला अडवते, विरघळणाऱ्या अन्नाला नाही. मटकीची उसळ अर्धी वाटी झाली की माझं नाक वाहायला लागतं, एक उचकी येते, ही माझी थांबायची खूण. त्यावर अजून एक घास घेतला तर छातीच्या मधोमध दगड बसतो. तोंडाला पाणी सुटतं, मग बेसिनपाशी उभं राहून फेसाळ लाळ थुंकत राहायचं, तो घास एकदाचा खाली जाईपर्यंत. गरम मऊ पोळी आणि भात या बाबतीत सगळ्यात बदमाश. आणि हेच पोट चिवड्याला मात्र सताड उघडं! स्टाफरूममध्ये डबा फिरतो, आपण मूठ घेतो, पेपर तपासता तपासता दुसरी घेतो, नळीतून ते सगळं सरसर खाली उतरतं आणि पोट भरल्याची खूण येतच नाही. खारी चहात बुडवून, टोस्ट, चकली, आइस्क्रीम, सगळ्यांची तीच गोष्ट. लॉकडाऊनमध्ये स्वयंपाकघर दहा पावलांवर आणि ऑनलाइन तास दिवसभर. ७३ चे ९० कसे झाले ते वेगळं सांगायला नको. पोट 'ताणलं गेलं' असं सगळे म्हणतात, मीही तपासून घेतलं. सर्जननी एंडोस्कोपी करून सांगितलं, नळी आहे तशीच आहे.

मग ९० वरून ८४ कशाने? डाएट नावाचं काही नाही. क्रम बदलला. ताटात आधी उसळ किंवा अंडं किंवा पनीर, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा तुकडा, भात शेवटी दोन घास, तोही रोज नाही. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही, नाहीतर पाणी सगळं ढकलून नेतं आणि तासाभरात पुन्हा भूक. दोन जेवणांच्या मध्ये चघळणं बंद, बिनसाखरेचा चहा चालतो.

प्रथिनं रोज साठ ग्रॅमच्या वर हवीत असं डाएटिशियन सांगतात, आणि शाकाहारी घरात ते दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. माझा हिशेब असा: दोन अंडी म्हणजे बारा ग्रॅम, पन्नास ग्रॅम पनीर नऊ, वाटीभर घट्ट वरण सातच्या आसपास, सुके सोया चंक्स पंचवीस ग्रॅम घेतले तर तेरा, आणि व्हे पावडरचा, म्हणजे दुधापासूनच्या प्रथिनांच्या पावडरीचा, एक चमचा (त्यांचा चमचा, आपला नाही) बावीस-तेवीस. झाले साठ-पासष्ट. यातलं व्हे काढलं की मी चाळिशीवर येते. 'आम्ही वरण-भात खातो, त्यात असतंच की प्रोटीन' म्हणणाऱ्यांनी एकदा वरणाची वाटी वजनकाट्यावर ठेवून बघावी.

उपवासांचं काय, हा आमच्याकडे मोठा प्रश्न होता. एकादशी दुप्पट खाशी हे माझ्यासाठी शब्दशः खरं: साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च आणि तूप, तीही छान मऊ, घसरणारी. सासूबाईंनी तोडगा काढला. आषाढीला माझ्यापुढे दही, दाण्याची आमटी आणि घरचं पनीर ठेवलं आणि म्हणाल्या, "विठोबा काय साबुदाणा मोजतोय का गं?" लग्नाच्या पंगतीत मात्र असं कुणी वाली नसतं. "एवढंसं काय, चिमणीसारखं खातेस" म्हणत जिलबी वाढणारी मावशी आणि "परत भरलीस हं थोडी" असं कानात सांगणारी मावशी, एकच. मी हल्ली ताटात आधीच काहीतरी ठेवून हात आडवा धरते, वाद घालत नाही.

व्यायामात चालण्यापेक्षा जोर-बैठकांच्या जातीचं काही हवं, कारण झपाट्याने वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. मी घरी डंबेल आणि रबरी पट्टा वापरते. जिमची फी भरून न जाणाऱ्यांपैकी मी आहे, म्हणून घरी.

चांगलं काय झालं तेही लिहिते, नाहीतर रडगाणं वाटेल. लोकलमध्ये मला चौथी सीट मिळते. पूर्वी मी तिसरी बसले की चौथीचा प्रश्नच मिटायचा, बायका बघायच्या आणि उभ्या राहायच्या. घोरणं थांबलं. गुडघे जिना चढतात. मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच वर्षी सुटल्या, पुढे वजन चढल्यावर एक छोटी गोळी परत आली. तेही अपेक्षितच: त्या स्वीडिश लोकांतल्या मधुमेहींपैकी दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेहमुक्त होते आणि दहा वर्षांनी ३६ टक्के. पण माझं इन्सुलिनच्या उंबरठ्यावर गेलेलं प्रकरण एका गोळीवर आहे, त्याला मी नफाच म्हणते.

आता कापलेला गुण. पहिलं, ॲसिडिटी. रात्री उशी उंच केल्याशिवाय झोप नाही, आठनंतर जेवण नाही. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपासची दहा वर्षांनी तुलना केली तेव्हा अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्क्यांना आणि बायपासवाल्यांत ७ टक्क्यांना दिसली. ज्यांना आधीपासून छातीत जळजळ आहे त्यांनी स्लीव्ह ठरवण्याआधी सर्जनशी हे बोलून घ्या, फक्त 'सोपं ऑपरेशन' म्हणून हो म्हणू नका.

दुसरं, कातडी. पोटाची घडी राहते. पावसाळ्यात तिच्याखाली ओल राहून खाज आणि लाल चट्टे. आंघोळीनंतर कोरडं करून बुरशीवरची पावडर लावणं हे दाताला ब्रश करण्याइतकं रोजचं. कातडी काढायचं ऑपरेशन सौंदर्याचं धरतात, विमा सहसा देत नाही.

तिसरं, आणि माझा राग यावर आहे, पाठपुरावा. ऑपरेशनआधी हॉस्पिटलची कोऑर्डिनेटर दिवसातून तीनदा फोन करायची. दुसऱ्या वर्षानंतर एकही फोन नाही, आणि मी केला तर "मॅडम, ते डॉक्टर आता इथे नसतात". नाव लिहीत नाही. मध्यंतरी तळपायांना मुंग्या यायला लागल्या, वर्गात उभं राहवेना. फॅमिली डॉक्टरांनी कंबरेचा एक्स-रे सांगितला. निघालं बी-१२ पार तळाला. जठर कमी म्हणजे बी-१२ शोषायला लागणारे घटकही कमी, त्यात आपण शाकाहारी. इंजेक्शनं घेतली, मुंग्या गेल्या. तेव्हापासून वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी, कॅल्शियम, पॅराथायरॉइड, साखर, लिव्हर, किडनी, सगळं माझं मीच करते. कॅल्शियम सायट्रेटचं, कारण कार्बोनेटला ॲसिड लागतं. आणि लोहाची गोळी त्याच्यापासून दोन तास लांब, कारण कॅल्शियम लोहाला अडवतं. हा गोळ्यांचा डबा आयुष्यभराचा आहे. सारख्या उलट्या होत असतील तर थांबू नका, बी-१ कमी होऊन मेंदूपर्यंत त्रास जाऊ शकतो.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल हल्ली रोज कुणीतरी विचारतं. मौंजारो आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही जूनमध्ये, आणि ऑपरेशननंतर चढलेल्या वजनासाठीही डॉक्टर ती देतात. मलाही सुचवली होती. मी अजून घेतलेली नाहीत, कारण थांबवल्यावर वजन परत चढतं हे चाचण्यांत दिसलंय आणि दरमहा तो खर्च मला झेपणारा नाही. ९० वर अडकले असते तर घेतली असती.

पैशांचं: मला तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास लागले, सगळे खिशातून. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनंतर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, त्याचा आकडा) किमान ४०, किंवा किमान ३५ आणि सोबत गंभीर आजार असेल, तर अटींमध्ये बसणारं ऑपरेशन विमा कंपनीला 'लठ्ठपणाचं' म्हणून सरसकट नाकारता येत नाही. पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ मात्र नीट वाचा. पॅकेजमध्ये न येणारा खर्च वेगळा: व्हे, गोळ्या, वार्षिक तपासण्या, अधूनमधून एंडोस्कोपी. सर्जनकडे जाल तेव्हा किती किलो उतरेल हे विचारू नका, ते सगळेच सांगतात. पाच वर्षांपूर्वी ऑपरेशन केलेल्यांपैकी आज किती जण तुमच्याकडे तपासणीला येतात, त्यांचं वजन काय आहे आणि त्यांतल्या एखाद-दोघांशी बोलायला मिळेल का, हे विचारा.