आजोळी नाशिकला: आपली गाडी की रात्रीची स्लीपर बस?

शेजारच्या वहिनींचा पेच असा: मे महिन्यात सोमवारची सुट्टी जोडून आली आहे, मुलं दोन, आजी-आजोबा नाशिकला. इंदूरहून अंतर साधारण 400 किलोमीटर.

खर्च बघू. जाऊन-येऊन 800 किलोमीटर, लिटरला 15चा ॲव्हरेज धरला तर 53-54 लिटर पेट्रोल, वर टोल. बसची चार तिकिटं एरवी स्वस्त, पण सुट्टीत भाडी चढतात. आधी बघून ठेवा.

खरा प्रश्न उन्हाचा. मानपूरचा घाट उतरला की निमाड, म्हणजे नर्मदाकाठचा सखल भाग, आणि मे महिन्यातलं निमाड म्हणजे भट्टीच. गाडीने जायचं तर पहाटे पाचलाच निघावं, म्हणजे खलघाटला नर्मदा सकाळीच ओलांडता येते. पुढे सेंधव्यानंतर बिजासन घाटात ट्रकांमागे रांगावं लागतं. (पोहे घरूनच डब्यात न्या.) स्लीपरमध्ये हे सगळं झोपेत पार पडतं, मात्र लहानग्याला मध्येच शू लागली तर ड्रायव्हरची मनधरणी करावी लागते.

सामानात गाडीच सरस: परतताना आजी लोणच्याची बरणी देणारच.

भाऊजी एकटेच चालवणार असतील आणि मंगळवारी ऑफिस असेल, तर बस. चालवणारे दोघं असतील किंवा आजोबांना घेऊन त्र्यंबकेश्वरला जायचं असेल, तर गाडी.