देवकुंड की मांगेली : महिलांच्या धबधबा सहलीची निवड

केवळ महिलांसाठी काढल्या जाणाऱ्या सहलींपैकी रायगड जिल्ह्यातील देवकुंड आणि सिंधुदुर्गातील मांगेली यांत निवड करायची असेल, तर आधी महिना ठरवावा आणि मग ठिकाण. देवकुंडसाठी भिरा गावातून धरणाच्या जलाशयाच्या कडेने आणि पुढे जंगलातून फक्त जायलाच सुमारे तीन तास चालावे लागते. वाटेत ओढे लागतात आणि वर ताम्हिणीच्या डोंगरात जोराचा पाऊस झाला की तेच ओढे परतीची वाट अडवतात. म्हणूनच पावसाळ्यात प्रशासन येथे मनाई आदेश काढत असते. जुलैची नोंदणी घेणारा आयोजक या आदेशाचा उल्लेखही करत नसेल, तर त्याच्या अनुभवाविषयी शंका घ्यावी. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मात्र कुंडात पाणी असते, ओढे उतरलेले असतात आणि पाठीवर सहा-सात किलोंची सॅक घेऊन चालण्याची सवय करायला ही वाट चांगली आहे.

मांगेलीचे गणित उलटे आहे. दोडामार्ग तालुक्यातील हे गाव कर्नाटकाच्या सीमेलगत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. सावंतवाडी रोड स्थानकावर उतरल्यावरही बराच रस्ता उरतो, पण गावातल्या फणसवाडीपासून धबधब्यापर्यंतचे चालणे थोडे आहे आणि तो पाहण्याचा खरा काळ पावसाळाच आहे. दमणूक कमी, जळवा मात्र भरपूर. मोजे लांब असावेत आणि मिठाची पुडी हाताशी असावी. या तालुक्यात रानटी हत्तींचा वावर असल्याने तंबूपेक्षा गावातल्या घरी मुक्काम असलेली सहल मी अधिक विश्वासाची मानते. शिवाय संध्याकाळी गरम कुळथाची पिठी आणि भात मिळतो, ही गोष्ट भिजून आलेल्या बाईला क्षुल्लक वाटणार नाही.

जाहिरातीत ‘फक्त महिलांसाठी’ असे छापल्याने सोय होतेच असे नाही. गटाची प्रमुख स्वतः महिला आहे का, तिच्यासोबत गावातला वाटाड्या आहे का आणि पाणी वाढल्यास मागे फिरण्याचा निर्णय कोण घेणार, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. देवकुंडला भिरा सोडल्यावर आडोसा मिळणे कठीण, म्हणून जाणती प्रमुख गडद रंगाची मोठी चादर आणि दोरी बरोबर ठेवते. दोन झाडांना दोरी बांधली की कपडे बदलण्याची सोय होते. पाळीच्या दिवसांत वापरलेले पॅड कागदात गुंडाळून दुहेरी पिशवीतून परत आणण्याचा नियम ती निघण्यापूर्वीच, न संकोचता सांगते. मांगेलीत घरच्या मुक्कामामुळे हा प्रश्न बराच सोपा होतो, आणि पहिल्यांदाच निघणाऱ्या किंवा आईला सोबत नेणाऱ्या मुलीने म्हणूनच तिकडे झुकावे. गुडघे मजबूत असतील आणि दिवसभर जंगलात चालण्याचीच हौस असेल, तर पावसाळा सरल्यावरचे देवकुंड निवडावे.

दोन्हीकडे मोबाइलच्या रेंजवर विसंबून राहू नये. घरच्यांना जवळच्या रुग्णालयाचे गाव (देवकुंडसाठी माणगाव, मांगेलीसाठी दोडामार्ग) आणि परतीची वेळ लिहून द्यावी. मनाई आदेश निघाल्यास पैसे परत मिळणार की दुसरी तारीख, याचे उत्तरही आयोजकाकडून लेखी घ्यावे.