ओलं फडकं की कोरडी पावडर?

साताऱ्यातल्या शेजारच्या मावशींचा प्रश्न: कुत्र्याला टाके पडलेत, डॉक्टरांनी आंघोळ बंद सांगितलीय, घरात मांजरही आहे. मग अंग साफ करायला कोरडी पावडर आणायची की ओल्या फडक्यानं भागेल?

खर्चात फडकंच परवडतं. जुना सुती पंचा नि कोमट पाणी, बास. विकतचे ओले पुसे घेतलेच, तर बिनवासाचे आणि अल्कोहोल नसलेले घ्या.

पावसाळ्यातल्या चिखलापुढे पावडर निरुपयोगी. चिखल वाळू द्या, ब्रशनं झाडा, मग पंजे पुसा. बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या करा. ओल राहिली की खाज सुटते.

तेलकट, वास मारणाऱ्या केसांना पावडर बरी. चिमूटभर कॉर्नफ्लोअर हातावर घ्यायचं, पाठीवर केसांच्या मुळापर्यंत चोळायचं, पाच-दहा मिनिटांनी ब्रशनं पूर्ण काढायचं. तेल पिठात उतरतं. तोंडाजवळ उधळू नका, श्वासात जातं.

मांजराचं वेगळं. ते स्वतःला चाटतं, म्हणजे अंगावरचं सगळं पोटात. त्यामुळे टी-ट्री तेल (एका झाडाच्या पानांचं वासाचं तेल) असलेलं काहीही नको. कुत्र्याची परमेथ्रिन (एक कीटकनाशक) असलेली गोचीड पावडर तर मांजराच्या जिवावर बेतू शकते, ती घरातही जपून ठेवा.

पिसवा ओल्या फडक्यानं किंवा कॉर्नफ्लोअरसारख्या कोरड्या पावडरीनं मरत नाहीत. टाक्यांजवळ तर दोन्ही नकोत.

मांजर, पिल्लू, म्हातारं जनावर किंवा रोजचे चिखलाचे पाय असतील तर फडकं घ्या. दाट केसांचा, पाण्याला बुजणारा धडधाकट कुत्रा असेल आणि रोज ब्रश फिरवायची तयारी असेल, तरच पावडर.