ढेकणांसाठी घेतलेलं झिपवालं गादीचं कव्हर, गणपतीच्या आधीपासून आत्तापर्यंतचा अनुभव

गेल्या आठवड्यात कव्हरच्या झिपचा रनर तुटून हातात आला. कस्टमर केअरला फोन केला तर पोरगी म्हणते, सर तुमचे सहा महिने होऊन गेलेत, आणि तसंही झिप वॉरंटीत येत नाही, फक्त कापड येतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण ही कव्हरं आता बरेच जण घ्यायला लागलेत आणि सगळे रिव्ह्यू डिलिव्हरी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले दिसतात. कापड सॉफ्ट आहे, पॅकिंग छान आहे. अरे पण ढेकूण गेले का ते सांगा की.

आधी थोडक्यात, आमच्याकडं हे आले कसे. भाचा पुण्याच्या हॉस्टेलवरून इथं कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला नोकरीला आला, जूनपासून आमच्याकडंच राहिला, येताना आपली गादी आणि ट्रंक घेऊन आला. श्रावणात माझ्या पोराच्या हातावर ओळीनं गांधी उठायला लागल्या. डॉक्टरना वाटलं ॲलर्जी. बायकोचं अंग सुजायचं आणि मला मात्र काहीच नाही, एक ठिपकासुद्धा नाही. हे असंच असतं म्हणे, चावतात सगळ्यांना पण अंगावर उठतं काहींच्याच, म्हणून मला काही होत नाही म्हणजे माझ्या बाजूला नाहीत असं धरून चालू नका. शेवटी रात्री टॉर्च घेऊन गादीची शिवण उलटी करून बघितली तेव्हा दिसले. काळे ठिपके, कात टाकलेली सालपटं, आणि टाक्यांच्या खळग्यात खसखशीच्या दाण्याएवढी पांढरी अंडी चिकटलेली.

शेजारच्या काकू कुजबुजल्या की घर स्वच्छ नसलं की होतात. हे मला फार लागलं, कारण आमच्या घरात दोन वेळा केर निघतो. ढेकणाला घाणीशी काही देणंघेणं नाही, त्याला माणसाचं रक्त पाहिजे, अंगाची ऊब आणि श्वास यावरनं तो माग काढत येतो. लाजेपायी लोक सांगत नाहीत आणि तोवर ते पूर्ण घरात पसरतात. मादी दिवसाला एक-दोन करत आयुष्यात दोनशेच्या पुढं अंडी घालते, मग लपवून काय करणार?

पहिला खर्च पेस्ट कंट्रोलचा झाला, अडीच हजार. माणूस आला, फवारलं, दोन दिवस घरात वास, आठवडाभर सगळं शांत, आम्ही खूश. मग परत चालू. ह्यातली मेख अशी आहे की फवारणीनं अंडी मरत नाहीत बहुतेक, आणि आपल्याकडच्या हवेत सहा ते दहा दिवसांत ती फुटतात, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी झालीच पाहिजे, पिल्लं मोठी होऊन परत अंडी घालायच्या आत. कार्डावर दोन व्हिजिट लिहिलेल्या होत्या. दुसऱ्या व्हिजिटला त्याला पाऊस आडवा आला, मग गाडी पंक्चर, मग गणपती, आणि तो उगवला ते दीड महिन्यानं, हातात तेच औषध. ढेकणांवर नेहमीची पायरेथ्रॉइड गटातली औषधं बऱ्याच ठिकाणी चालेनाशी झालीयेत, डीडीटीचं पण असंच झालेलं 1940 च्या दशकाच्या शेवटीच, त्यामुळं तेच तेच मारून काय उपयोग? मी त्याला विचारलं दुसऱ्या गटातलं काही आहे का, तर म्हणाला साहेब हेच सगळीकडं चालतंय. पैसे आधीच दिलेले असल्यामुळं पुढं बोलायला काही राहिलंच नाही. तुम्ही देणार असाल तर अर्धे दुसऱ्या व्हिजिटनंतर द्या, तारीख लिहून घ्या.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगतो. धान्यात ठेवायच्या त्या गोळ्या ढेकणांसाठी खोलीत ठेवा असं सांगणारे भेटतील, मलाही बाजारात एकानं सांगितलं. अजिबात ठेवू नका. हवेतल्या दमटपणानं त्यातनं विषारी गॅस सुटतो, अख्खी कुटुंबं गेलीयेत त्यानं, बातम्या येतात दरवर्षी कुठून ना कुठून.

मग कव्हर. सगळे म्हणत होते गादी टाकून दे. कापसाची डबल गादी, सासऱ्यांनी लग्नात करून दिलेली, आज तसा कापूस घालून करायची म्हटली तर किती हजार जातील बघा. आणि टाकून तरी काय होणार, ढेकूण खाटेत, सॉकेटमागं, फोटोच्या फ्रेममागं बसलेलेच असतात, नव्या गादीत परत येतात. शिवाय कोंडाळ्याजवळ गादी ठेवली की कुणीतरी गरीब माणूस उचलून नेतोच, म्हणजे आपली पीडा त्याच्या घरात. ते मला पटत नव्हतं. म्हणून 1,900 चं डबलचं कव्हर मागवलं.

कल्पना सरळ आहे. गादी सहाही बाजूंनी बंद, आतले आत उपाशी मरतात, बाहेरच्यांना शिवणीत लपायला जागा राहत नाही, पांढऱ्या कापडावर आले की दिसतात. पण ढेकूण उपाशी महिनोन्महिने काढतो, थंड हवेत तर वर्षाच्या आसपास. म्हणून सांगतात की कव्हर वर्षभर तरी उघडायचं नाही. आता मला सांगा, ज्या वस्तूचं काम वर्षभर बंद राहणं हेच आहे, तिची वॉरंटी सहा महिने आणि त्यात झिप नाही? मग नेमकं कशाची हमी देताय तुम्ही?

ह्या झिपबद्दल मला बोलायचंच आहे, कारण कापडाबद्दल सगळे बोलतात. मी उद्यमनगरात मशीन शॉपला आहे, त्यामुळं फटी बघायची सवय आहे. कव्हर आलं त्या दिवशीच झिप पूर्ण ओढली आणि शेवटाला बघितलं, जिथं रनर जाऊन थांबतो तिथं शिवण आणि रनरच्या मध्ये एक फट राहत होती. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पानांचं साधन, आणून घालून बघितला. दीड मिलिमीटरचं पान आरामात आत. उपाशी ढेकूण चपटा असतो, जिथं एटीएम कार्ड सरकतं तिथं तो सरकतो असं धरतात, आणि कार्डाची जाडी मिलिमीटरच्याही आत असते. पिल्लू तर अख्खं दीड मिलिमीटर लांबीचं. म्हणजे 1,900 रुपयांचं दाट विणीचं कापड, वॉटरप्रूफ थर, सगळं केलं आणि दार उघडं ठेवलं! चांगल्या कव्हरला तिथं वरून झाकणारी पट्टी असते नाहीतर रनर आत खोचायला कप्पा असतो, ह्याला काहीच नाही. मी ताबडतोब फोटो काढून कंपनीला पाठवले, गेज घातलेल्या अवस्थेत, तर उत्तर काय, धन्यवाद, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मग त्या कोपऱ्याला जाड कापडी टेप मारून टाकली आणि तेव्हाच ठरवलं होतं की दोन स्टारच्या वर द्यायचे नाहीत.

दुसरी अडचण कापसाच्या गादीची. ती मधे फुगते, कडेला दबते, फोमसारखी चौकोनी नसते, त्यामुळं झिपवर कायम ताण. केअरवाली आता म्हणते कव्हर फोमसाठी आहे. पाकिटावर तसं कुठं लिहिलंय दाखवा म्हटलं, तर फोन होल्डवर.

पण आता खरं सांगायचं तर माझं मत मधेच बदललं, ते रनर तुटल्यावरच. दुरुस्तीसाठी कव्हर काढणं भागच होतं. गच्चीवर नेलं, कडक ऊन, खाली पांढरी चादर अंथरली आणि हळूहळू सोललं. आतल्या बाजूनं झिपच्या त्याच कोपऱ्यात, टेपच्या मागं, वाळून कागद झालेले ढेकूण पडलेले, बरेच. तिथनंच बाहेर पडायला बघत असणार. गादीची एक एक शिवण, एक एक टाका टॉर्चनं बघितला, बायकोनं परत बघितला, जिवंत एकही नाही. इतक्या महिन्यांत बाहेरच्या कापडावर नवा काळा ठिपका नाही, कुठं उसवलं नाही, आतला थर सुटला नाही, आवाजही करत नाही. कापडाला माझ्याकडनं साडेचार स्टार, मनापासून. झिपला शून्य.

आता कव्हरनं एकट्यानं हे झालेलं नाही, तेही सांगितलं पाहिजे. खाटेसाठी वाफेचं मशीन घेतलं, ते महाग वाटलं तेव्हा पण सगळ्यात जास्त काम त्यानंच केलं असं आता वाटतंय. आई पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "अरे, आम्ही खाटेच्या सांध्यात उकळतं पाणी ओतायचो, त्याशिवाय हे जात नाहीत." बरोबरच होतं तिचं, पन्नास डिग्रीच्या वर गेलं की ढेकूणही मरतो आणि अंडंही, फवारणी जिथं कमी पडते तिथंच. प्लायच्या बेडवर पाणी ओतता येत नाही एवढंच. नोझलला फडकं गुंडाळून अगदी सावकाश फिरवायचं, जोराची वाफ मारली तर ते उडून दुसरीकडं जातात. आमच्या बेडचं लॅमिनेट एका कडेला उचललंय, तेवढं सोसलं. सॉकेटजवळ वाफ चुकूनही नको, तिथं स्क्रू काढून नुसतं बघायचं आणि व्हॅक्यूम.

बेडच्या पायाखाली प्लॅस्टिकच्या वाट्या ठेवल्या, चढणारे ढेकूण त्यात अडकावेत म्हणून. इथं एक बारीक गोष्ट, आपल्या उष्ण भागात जी जात जास्त असते ती गुळगुळीत प्लॅस्टिकवरनंही बऱ्यापैकी चढते, म्हणून वाटीच्या आतनं टाल्कम पावडर चोळून ठेवायची आणि बेड भिंतीपासून वीतभर लांब. पहिले काही आठवडे वाट्यांत सापडायचे, दिवाळीनंतर बंद झाले. उन्हात गादी टाकायचा उपाय सगळे सांगतात, पण कापसाच्या गादीच्या पोटात ऊन पोचतच नाही, वरनं तापते आणि ते आत सरकतात. कपडे, चादरी, भाच्याची ट्रंक यांच्यासाठी ऊन ठीक, काळ्या पिशवीत घट्ट बांधून चैत्रातलं ऊन, तेही पातळ थरात.

रनर मात्र लक्ष्मीपुरीत एका बॅग दुरुस्तीवाल्याकडं साठ रुपयांत बसला, धातूचा, आधीच्यापेक्षा दणकट. शेवटाला त्यानंच जुन्या बॅगेच्या कापडाची एक पट्टी शिवली आणि वेलक्रो लावला, वरचे चाळीस. गेज आता कुठनंच आत जात नाही. शंभर रुपयांत जो माणूस हे करतो ते एवढ्या मोठ्या कंपनीला सुचत नाही याचा मला राग येतो.

मात्र कव्हर उघडलं असल्यामुळं वर्ष परत पहिल्यापासून मोजायचं, एखादं राहिलं असलं तर. चादर बदलायची तर वरनंच बदलायची, झिपला हात लावायचा नाही असं घरात सांगितलंय.

पोराच्या सिंगल गादीला मी ह्या कंपनीचं परत घेणार नाही. गादीवाल्याशीच बोललोय, गादीच्या मापानं, मधला फुगवटा धरून शिवायचं, झिप तीन बाजूंनी म्हणजे ओढाताण नको, शेवटाला पट्टी. कापड आणि झिप मी आणून देणार, शिलाईचे तो साडेतीनशे घेणार. पाऊस लागायच्या आत करून पाहिजे, कारण एकदा जून उजाडला की कोल्हापुरात कव्हर धुतलं तर आठवडाभर वाळत नाही.