रिब्रीदरचा तयार ट्रॅव्हल किट: ओ-रिंग भरपूर, सेल एकही नाही

रिब्रीदर म्हणजे सोडलेला श्वास स्वच्छ करून पुन्हा घ्यायला देणारं डायव्हिंगचं यंत्र. ते बनवणारे जो तयार ट्रॅव्हल किट विकतात, त्यात साधारण हेच सामान असतं: ओ-रिंगांचा (जोडांतून गळती रोखणाऱ्या रबरी रिंगा) संच, श्वास एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या मशरूम व्हॉल्व्हची जोडी, माउथपीस, केबल टाय आणि ऑक्सिजनला चालणाऱ्या ग्रीसची छोटी ट्यूब. घ्यावा का? जरूर घ्यावा. पण तेवढ्यावर विसंबून पॅसिफिकमधल्या चुक (Chuuk) लगूनसारख्या दूरच्या ठिकाणी डायव्हिंगला जाऊ नये. तिथे ऑक्सिजन, सिलिंडर, सोफ्नोलाइम (कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) मिळतं; तुमच्या यंत्राला बसणारा सेल, म्हणजे ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, मिळेलच असं नाही.

किटची खरी किंमत हेड (सेल बसतात तो भाग) आणि लूप (श्वास फिरतो तो बंद मार्ग) यांच्या रिंगांमध्ये आहे. त्या नेमक्या मापाच्या असतात आणि बाहेर शोधायला गेलं तर जीव मेटाकुटीला येतो. नेहमीच्या रिंगा मात्र कमी पडतात. डीआयएन जोडाची (रेग्युलेटर सिलिंडरला बसवायचा आट्यांचा जोड) १११ नंबरची रिंग सर्वांत आधी कापली जाते, ती १० तरी हवी. सिलिंडरच्या गळ्याची २१४ दोन, गेजच्या स्पूलची (गेज होजला जोडणारी बारीक नळी) ००३ चार. ऑक्सिजनच्या बाजूला व्हायटॉन रबराच्या रिंगा, ग्रीस क्रिस्टो-ल्यूब किंवा ट्रायबोल्यूब. ऑक्सिजनला न चालणाऱ्या साध्या सिलिकॉन ग्रीसची डबी त्या पेटीत ठेवूच नका. घाईत हात नेमका तिच्यावर जातो.

मशरूम व्हॉल्व्हच्या दोन जोड्या न्या, त्याही सपाट डबीत. कड दुमडलेला व्हॉल्व्ह नवा कोरा असला तरी गळतो. मग सोडलेला श्वास स्क्रबरकडे (सोफ्नोलाइमच्या डब्याकडे) न जाता परत तोंडात येतो आणि कार्बन डायऑक्साइड चढत जातो.

आता सेल. ट्रिप बुडते ती बहुधा इथे, आणि किटमध्ये नेमका तोच नसतो. एक नव्हे, दोन न्या. यंत्रातले तिन्ही सेल एकाच बॅचचे असतील तर ते साधारण एकत्रच थकतात. थकलेला सेल एका मर्यादेपुढे व्होल्टेज देत नाही: ऑक्सिजनचा खरा दाब १.६ बार असताना १.२ वर अडकतो. असे दोन सेल मिळून तिसऱ्या चांगल्या सेलला मतदानात हरवतात, कारण यंत्र बहुमताचा आकडा धरतं; मग ऑक्सिजन कमी आहे असं समजून सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) तो सोडतच राहतो. धोका आकडा चढण्यात नाही, न चढण्यात आहे.

निघण्यापूर्वी स्पेअर सेलचंही माप घ्या. हवेत १० मिलिव्होल्ट देणाऱ्या सेलने समुद्रसपाटीला शुद्ध ऑक्सिजनमध्ये सुमारे ४८ द्यायला हवेत; गुणक ४.७८. प्रेशर पॉट (सेल वाढीव दाबाखाली तपासायचं भांडं) असेल तर १.६ वर ७६ च्या आसपास. डबीवर उत्पादनाची तारीख लिहा. सेल डबीत पडूनही म्हातारा होतो, म्हणून मागच्या वर्षीचा स्पेअर हा स्पेअर नव्हे. कनेक्टरही जुळवून बघा: मोलेक्स आणि कोअॅक्सियल सेल दिसायला सारखे, बसायला नाहीत.

बॅटऱ्या हँडसेटच्या (आकडे दाखवणारा डिस्प्ले) वेगळ्या, सोलेनॉइडच्या वेगळ्या. दोन्हींचा एकेक पूर्ण संच. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच, टोकांवर टेप लावून.

फर्स्ट स्टेजचे (सिलिंडरचा दाब उतरवणारा रेग्युलेटरचा पहिला भाग) आतले भाग नेऊ नका. बोटीवर ती उघडून मधला दाब (ती पुढे सोडते तो) नीट लावणं होत नाही; पूर्ण तयार फर्स्ट स्टेज न्या, जड असली तरी. आणि काहीही बदललं, अगदी एक रिंग का असेना, की पॉझिटिव्ह-निगेटिव्ह चाचणी (लूपमधला दाब वाढवून आणि घटवून गळती बघणं) नव्याने. सेल बदलला तर कॅलिब्रेशनही, आणि पहिल्या डाइव्हला ६ मीटरवर ऑक्सिजनने लूप फ्लश करून आकडा १.६ च्या जवळ जातो का ते पाहा. नाही गेला तर तिथूनच वर या.